रुंद समासाची वही: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या एका अभ्यासवहीचे परीक्षण

महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांच्या वह्या चाळताना एक गोष्ट हमखास आढळते. पहिले दोन आठवडे तारीख घालून, सुवाच्य अक्षरात सगळे उतरवलेले असते; मग वाक्ये अर्धवट तुटू लागतात, मधली पाने कोरी राहतात आणि सत्र संपत येईपर्यंत वहीची जागा वर्गमित्राच्या वहीच्या फोनवर काढलेल्या छायाचित्रांनी घेतलेली असते. शाळेत शिक्षक फळ्यावर लिहून देतात, वही तपासतात, ती अपुरी असेल तर जवळ बोलावून विचारतात. येथे तासभर व्याख्यान होते, शिक्षक निघून जातात आणि वही कोणीही मागत नाही. प्रथम वर्षाला अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवत असल्यामुळे हा बदल किती अवघड जातो हे मी जवळून पाहिले आहे, आणि म्हणूनच टिपणे घेण्याच्या कॉर्नेल पद्धतीने आखलेली एक छापील अभ्यासवही बाजारात दिसली तेव्हा ती पारखून पाहावीशी वाटली. या सत्रात माझ्या वर्गातील नऊ विद्यार्थ्यांनी ती वापरली. केवळ त्यांच्या सांगण्यावरून मत बनवणे योग्य वाटले नाही, म्हणून तीच वही घेऊन मीही एका सहकाऱ्याच्या संख्याशास्त्राच्या तासांना विद्यार्थिनी म्हणून बसले.

वहीची आखणी साधी आहे. डाव्या बाजूला सुमारे अडीच इंचांचा, म्हणजे नेहमीच्या समासाच्या दुपटीहून रुंद असा रकाना आहे. उजवीकडे टिपणांसाठी मोठी जागा आहे. आणि पानाच्या तळाशी दोन इंचांची आडवी पट्टी सारांशासाठी सोडलेली आहे. ही रचना अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी तयार केली आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ती सर्वत्र पोहोचली. तासाला उजव्या बाजूला टिपणे घ्यायची, तास संपल्यावर लवकरात लवकर डाव्या रकान्यात त्या टिपणांवरचे प्रश्न किंवा सूचक शब्द लिहायचे, मग उजवी बाजू झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत मोठ्याने द्यायची, त्यावर थोडा विचार करायचा आणि ठरावीक काळाने पुन्हा उजळणी करायची, असा तिचा क्रम आहे.

या क्रमातील झाकण्याची पायरी हाच पद्धतीचा प्राण आहे, आणि वहीच्या निर्मात्यांनी ती ओळखली याबद्दल त्यांचे कौतुक करायला हवे. मलपृष्ठाला जाड पुठ्ठ्याची एक घडीची पट्टी जोडलेली आहे. ती उलगडून पानावर ठेवली की टिपणे झाकली जातात आणि केवळ डावा रकाना उघडा राहतो. तळहाताने किंवा दुसऱ्या वहीने झाकताना नजर चोरून उत्तराकडे जाते, तसे या पट्टीमुळे होत नाही. मात्र आतल्या पानावरच्या सूचनांत डाव्या रकान्याविषयी फक्त ‘महत्त्वाचे शब्द लिहा’ एवढेच छापले आहे, आणि तेथेच नव्या विद्यार्थ्याची दिशाभूल होते.

याचे एक उदाहरण द्यायला हवे. एका विद्यार्थिनीने पेशीपटलाच्या पाठाची टिपणे उत्तम घेतली होती आणि डाव्या रकान्यात तिने ‘परासरण’, ‘अर्धपार्य पटल’, ‘संहती’ असे तीन शब्द एकाखाली एक लिहिले होते. पट्टी टाकून तिला विचारले तेव्हा प्रत्येक शब्द पाहून ती ‘हो, हे मला माहीत आहे’ असे म्हणत होती आणि तिला ते खरोखरच ओळखीचे वाटत होते. त्याच पानावर आम्ही दोघींनी ते शब्द खोडून लिहिले: ‘दाट मिठाच्या पाण्यात ठेवलेली पेशी का आकसते? पाणी कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला जाते? मीठच आत का येत नाही?’ आता ती पहिल्याच प्रश्नावर अडली. पाणी बाहेर जाते हे तिने सांगितले, पण का जाते ते सांगता येईना. टिपणांत उत्तर होतेच. ते तिने स्वतःच्या हाताने लिहिलेले होते. शीर्षक वाचून मनात ओळखीची भावना जागी होते आणि प्रश्न वाचून उत्तर शोधावे लागते, हा फरक त्या एका पानावर आम्हा दोघींनाही स्पष्ट दिसला. संख्याशास्त्राच्या तासाला माझीही तीच गत झाली. ‘मध्यक’ (क्रमाने मांडलेल्या संख्यांतील मधली संख्या) असा शब्द लिहून मी पुढे गेले होते; ‘एकच संख्या फार मोठी असेल तर सरासरी हलते, मग मध्यक का हलत नाही?’ असा प्रश्न लिहिल्यावर मला पुन्हा टिपणांकडे वळावे लागले.

या अनुभवाला संशोधनाचा आधार आहे. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला आणि काहींनी न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते, त्यांना ८१ टक्के भाग आठवला आणि लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. एका आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री टिपणे चार वेळा वाचून मिळणारा आत्मविश्वास कशामुळे फसवा ठरतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. पुन्हा वाचल्याचा लाभ लगेच जाणवतो, म्हणून विद्यार्थी तीच सवय धरून राहतात, आणि त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. आठवून पाहताना जी अडखळ होते ती अपयशासारखी वाटते, आणि ती शिकण्याचाच भाग आहे हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. सूचनांच्या पानावर या दोन ओळी छापल्या असत्या तर वहीची उपयुक्तता कितीतरी वाढली असती.

प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात तीन छोटे चौकोन आहेत: दुसरा दिवस, आठवडा, महिना. त्या त्या वेळी उजळणी झाली की तेथे तारीख घालायची. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि पुढे मंदावतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या आणि १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते. त्यामुळे पहिला चौकोन दुसऱ्याच दिवसाचा असणे योग्य आहे. नऊ विद्यार्थ्यांपैकी सत्राच्या शेवटी ज्यांच्या वह्या नियमित राहिल्या, त्या सर्वांनी हे चौकोन भरले होते असे मला आढळले. इतक्या कमी जणांवरून मोठा निष्कर्ष काढू नये हे मी जाणते, तरी रिकामा चौकोन डोळ्यांना खुपतो आणि तो भरावासा वाटतो, हे मी स्वतःही अनुभवले.

वहीच्या शेवटी आठवड्याचे वेळापत्रक छापलेले आहे, आणि हा भाग मला कच्चा वाटला. आठवड्याचे १६८ तास अर्ध्या अर्ध्या तासाच्या बारीक घरांत विभागले आहेत आणि आठवडा सुरू होण्यापूर्वीच ती सगळी घरे भरावीत अशी अपेक्षा आहे. नव्या विद्यार्थ्याला आपला वेळ कोठे जातो हेच अजून ठाऊक नसते; तो रोज पाच तास अभ्यासाचे लिहितो, मंगळवारी ते मोडते आणि बुधवारपासून पान उघडतच नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात काहीही न ठरवता फक्त घडलेले लिहायला सांगितले. एकाला असे दिसले की दोन व्याख्यानांच्या मधली मोकळी पन्नास मिनिटे आठवड्यातून सहा वेळा येतात आणि ती कशात जातात हे त्याला सांगताच येत नाही. त्याने त्यांतल्या तीन वेळा डावा रकाना भरण्यासाठी राखून ठेवल्या आणि तेवढीच योजना सत्रभर टिकली. निर्मात्यांनी पहिले पान ‘काय घडले’ यासाठी आणि पुढची पाने ‘काय ठरवले’ यासाठी ठेवली, तर हा भागही कामाचा होईल.

बाकीच्या उणिवा किरकोळ आहेत, पण रोजच्या वापरात जाणवतात. सारांशाच्या पट्टीतील एक ओळ प्रत्येक पानावर प्रेरणादायी वाक्याने अडवली आहे. ती जागा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वाक्याला मिळायला हवी होती. जेल पेनची शाई मागच्या बाजूला उमटते. तारेची बांधणी डावीकडे असल्यामुळे डावखुऱ्या विद्यार्थ्याचा हात उजवीकडच्या पानावर समासात लिहिताना तारेवर अडतो. गणिताची उदाहरणे आणि मोठ्या आकृत्या उरलेल्या रुंदीत दाटीवाटीने बसतात, त्यामुळे सरावप्रधान विषयांसाठी आणि प्रयोगशाळेतील नोंदींसाठी साधी वहीच बरी.

व्याख्यानावर भर असलेल्या विषयांसाठी ही वही घ्यावी असे माझे मत आहे. मात्र घेण्यापूर्वी जुन्या वहीत पट्टीने उभी रेघ मारून एकाच विषयाची टिपणे दोन आठवडे या पद्धतीने घ्यावीत. तेवढ्या काळात डावा रकाना प्रश्नांनी भरत गेला, तर छापील वहीतील पुठ्ठ्याची पट्टी आणि उजळणीचे चौकोन पुढे निश्चितच उपयोगी पडतील. तो रिकामा राहिला, तर आधी तास संपल्यानंतरची दहा मिनिटे मोकळी करावी लागतील, आणि ते काम जुन्या वहीवरही करता येते. माझ्या स्वतःच्या वहीची अकरा पाने उरली आहेत आणि पुढच्या सत्रातही संख्याशास्त्राच्या तासाला बसण्याची परवानगी मी सहकाऱ्याकडे मागितली आहे.