गोळी चुकली: एक की दोन, आणि पाकिटाच्या कुठल्या ओळीतली?

गर्भनिरोधक गोळी चुकली की "आता दोन एकदम घेऊ का?" हा प्रश्न आधी येतो. त्याचं उत्तर शोधण्याआधी पाकीट हातात घ्या आणि गोळी कुठल्या प्रकारची आहे ते बघा.

मिश्र गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन्ही हार्मोन्स असतात. ती बीजांड बाहेर पडू देत नाही. सलग 7 गोळ्या पोटात गेल्या की हा अंमल पक्का बसतो, त्यामुळे तिला एका दिवसाचा उशीर चालतो. मिनीपिलमध्ये फक्त प्रोजेस्टोजेन असतं; अंगावर पाजणाऱ्या बायकांना ती बरेचदा दिली जाते. लेव्होनॉरजेस्ट्रेल किंवा नॉरएथिस्टेरॉनची जुनी मिनीपिल मुख्यतः गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट ठेवते आणि हा परिणाम दिवसभरात ओसरतो. म्हणून तिला 3 तासांपेक्षा जास्त उशीर झाला की गोळी चुकली असं धरतात. डेसोजेस्ट्रेलच्या गोळीला 12 तासांची सूट आहे, ड्रोस्पिरेनोनच्या गोळीला 24 तासांची.

मिश्र गोळी: एक चुकली की दोन?

एकच चुकली असेल तर आठवताक्षणी घ्या. त्या दिवशी दोन झाल्या तरी हरकत नाही, थोडं मळमळेल इतकंच. बाकीच्या गोळ्या नीट घेतल्या असतील तर कंडोमचीही गरज नाही.

दोन किंवा जास्त चुकल्या, तर सगळ्यात शेवटी चुकलेली तेवढी घ्या, आधीच्या टाकून द्या आणि पाकीट पुढे चालू ठेवा. सलग 7 दिवस गोळ्या होईपर्यंत कंडोम वापरा. चुकलेल्या सगळ्याच गोळ्या एकदम गिळून मागचा हिशेब चुकता होत नाही, उलट्या मात्र होतात.

पण किती चुकल्या यापेक्षा कुठे चुकल्या हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सगळ्यात धोक्याच्या असतात पाकिटातल्या अगदी पहिल्या गोळ्या, आणि नेमक्या त्याच विसरल्या जातात: नवं पाकीट आणायचं राहून जातं. दोन पाकिटांमधल्या सुट्टीचे 7 दिवस आधीच औषधाविना गेलेले असतात. त्यात दोन दिवस वाढले की सुट्टी 9 दिवसांची होते आणि बीजकोश जागा होऊ शकतो. पहिल्या आठवड्यात दोन चुकल्या आणि गेल्या 5 दिवसांत कंडोमशिवाय संबंध आला असेल, तर इमर्जन्सी उपायाचा विचार करायलाच हवा. मधल्या आठवड्यात, आधीच्या सातही नीट घेतल्या असतील तर, एवढी काळजी नाही. तिसऱ्या आठवड्यात दोन चुकल्या तर सुट्टीच घेऊ नका: औषधाच्या गोळ्या संपल्या की दुसऱ्या दिवशी थेट नवं पाकीट सुरू करा. त्या महिन्यात पाळी बहुधा येणार नाही, मधेच थोडं अंगावरून जाईल, घाबरू नका. शेवटच्या ओळीतल्या वेगळ्या रंगाच्या, बिनहार्मोनच्या गोळ्या चुकल्या तर काहीच करायचं नाही.

मिनीपिल

आठवताच घ्या, पुढची नेहमीच्या वेळी घ्या आणि 2 दिवस कंडोम वापरा. ड्रोस्पिरेनोनच्या दोन चुकल्या तर मात्र 7 दिवस. गोळी चुकल्यानंतर कंडोमशिवाय संबंध आला असेल तर पुढचं वाचा. (गोळी घेतल्यावर 3 तासांच्या आत उलटी झाली, तर दोन्ही प्रकारांत लगेच दुसरी घ्यावी.)

इमर्जन्सीत काय निवडावं?

लेव्होनॉरजेस्ट्रेलची इमर्जन्सी गोळी (रोजची मिनीपिल नव्हे) संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची, जितक्या लवकर तितकं बरं. तिच्यानंतर आपली रोजची गोळी लगेच सुरू करता येते. वजन 70 किलोंच्या वर असेल तर तिचा परिणाम कमी पडू शकतो. युलिप्रिस्टल ही दुसरी इमर्जन्सी गोळी 120 तासांपर्यंत चालते, त्यामुळे ऐकायला तीच सरस वाटते. पण रोजची गोळी घेणारीसाठी तिच्यात एक मेख आहे: गेल्या आठवड्यात पोटात गेलेलं प्रोजेस्टोजेन तिचा परिणाम कमी करू शकतं, आणि ती घेतल्यावर नेहमीची गोळी साधारणपणे 5 दिवस थांबवावी लागते. म्हणून काल-परवापर्यंत गोळ्या चालू असतील आणि 72 तास उलटले नसतील, तर माझा कौल लेव्होनॉरजेस्ट्रेलला.

खात्रीच हवी असेल तर तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी). संबंधानंतर 5 दिवसांच्या आत बसवली तर 100 पैकी एकीलाही क्वचितच दिवस राहतात, आणि पुढे काही वर्षं गोळी लक्षात ठेवायची कटकटच संपते. त्यासाठी डॉक्टरकडे जावं लागतं, बसवताना दुखतं आणि पाळी जास्त जाऊ शकते. क्षयरोगाची रिफॅम्पिसिन किंवा फिटची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन अशी औषधं चालू असतील तर मी तांबीच सुचवेन, कारण ही औषधं हार्मोनच्या गोळ्यांचा जोर कमी करतात.

कुठलाही मार्ग निवडला तरी संबंधानंतर 3 आठवड्यांनी घरच्या घरी लघवीची तपासणी करा. त्याआधी आलेलं "नाही" भरवशाचं नसतं. तोवर (युलिप्रिस्टलनंतरचे 5 दिवस सोडले तर) रोजची गोळी थांबवू नका. दिवस राहिलेच असले, तरी नकळत घेतल्या गेलेल्या या गोळ्यांमुळे बाळाला अपाय झाल्याचं आढळलेलं नाही.