दोन दारांचा तंबू : कामाच्या एका उन्हाळ्यासाठी जोडप्याचे घर

दोन माणसांच्या तंबूंची परीक्षणे बहुधा दोन-तीन रात्रींच्या भटकंतीनंतर लिहिली जातात आणि त्यांत सगळा भर वजनावर असतो. तंबू पाठीवर वाहून न्यायचा असेल, तर ते योग्यच आहे. मात्र नुकतेच लग्न झालेले जोडपे घरापासून लांब, एका उन्हाळ्यापुरत्या कामावर जाते आणि तिथे पगार, जेवण व तंबू ठोकायला जागा एवढेच मिळते, तेव्हा त्या तंबूकडून अपेक्षा निराळ्या असतात. तीच झोपायची खोली, तेच कपड्यांचे कपाट आणि दिवसभर चारचौघांत वावरल्यानंतर दोघांनी एकमेकांशी बोलायची तीच एक जागा असते. आम्ही दोघांनी पर्यटकांच्या एका डोंगराळ तळावर काम करत असा अख्खा हंगाम तंबूत काढला. माझा नवरा तिथल्या स्वयंपाकघरात होता आणि मी नोंदणीच्या खिडकीवर. हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण मॉडेले वरचेवर बदलतात आणि मला जे सांगायचे आहे ते बांधणीविषयी आहे : दुपदरी कापड, अ‍ॅल्युमिनियमचे पोल, स्वतःच्या पोलवर उभा राहणारा सांगाडा आणि लांबीच्या बाजूंना समोरासमोर दोन दारे.

यांपैकी शेवटची गोष्ट जोडप्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि विकणारे नेमके तिच्याविषयीच कमी बोलतात. हंगामी कामात नवरा-बायकोला एकच पाळी मिळेल याची खात्री नसते. न्याहारीच्या तयारीसाठी त्याला उजाडण्यापूर्वी उठावे लागे, आणि उशिरा पोहोचणाऱ्या पर्यटकांची नोंद आटोपून मला परतायला बरीच रात्र होई. ज्या तंबूला एकाच बाजूने दार असते, त्यात आतल्या बाजूला झोपलेल्या माणसाला बाहेर पडताना दुसऱ्याला ओलांडून जावे लागते. अंधारात कोपर, गुडघा, विजेरी, सगळेच त्या दुसऱ्याला लागते. एक-दोन रात्री हे हसण्यावारी जाते. रोजच होऊ लागले, की अपुऱ्या झोपेची चिडचिड सुरू होते आणि तिचे खापर तंबूवर न फुटता माणसावर फुटते. दोन दारे असली म्हणजे ज्याने-त्याने आपापल्या बाजूने यावे-जावे. "अगं, तू झोप, मी निघतो," एवढे हळूच बोलून तो निघून जाई आणि बहुतेक वेळा माझी कूससुद्धा बदलत नसे.

दारासोबत पडवीही दुप्पट होते, हा दुसरा लाभ. वरचे कापड दाराबाहेर पुढे ताणल्याने जी छोटी झाकलेली जागा तयार होते, तिला मी पडवी म्हणते आहे. त्याच्या पडवीत स्वयंपाकघराचा तेलकट वास मुरलेले बूट आणि मळक्या एप्रनची पिशवी असे, माझ्या पडवीत ओला रेनकोट आणि पाण्याची बाटली. कुणाच्या वस्तू कुणाच्या वाटेत आहेत हा प्रश्न उद्भवत नाही. एकाच पडवीत दोघांचे बूट, दोन पिशव्या आणि दोन ओले रेनकोट ठेवायचे असते तर पावसाच्या दिवसांत त्यांतले काही ना काही झोपण्याच्या जागेत आलेच असते. खाण्याची वस्तू मात्र कोणत्याही पडवीत ठेवू नये. उंदीर वासावर येतात आणि कापड कुरतडून आत शिरतात.

रुंदीच्या बाबतीत दुकानातल्या लेबलावर विसंबून राहू नये, टेप घेऊन मोजावे. ‘दोन माणसांचा’ म्हणून विकला जाणारा तंबू सर्वसाधारणपणे १२५ ते १३० सेंटिमीटर रुंद असतो. झोपण्याच्या साध्या मॅटची रुंदी साधारण ५१ सेंटिमीटर आणि रुंद मॅटची साधारण ६४ सेंटिमीटर असते. म्हणजे दोन रुंद मॅट शेजारी-शेजारी अंथरल्या की १२८ सेंटिमीटर तिथेच संपतात आणि चष्मा ठेवायलाही जागा उरत नाही. शिवाय वजन वाचवण्यासाठी काही तंबू पायथ्याकडे निमुळते शिवलेले असतात. अशा तंबूत डोक्याकडे बसणाऱ्या मॅट पायाकडे एकमेकींवर चढतात. आमच्या तंबूची जमीन सरळ आयताकृती होती आणि त्याबद्दल त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. संपूर्ण हंगाम राहायचे असेल, तर निमुळत्या आकाराचा विचारसुद्धा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंथरुणाविषयी इथेच सांगते, कारण तंबूची निवड त्याच्याशी जोडलेली आहे. जोडप्यांसाठी हवा भरायची एकच मोठी गादी मिळते आणि ती दिसायला आकर्षक असते. पण दोघांच्या झोपेच्या वेळा वेगळ्या असतील तर ती घेऊ नये, कारण एक जण उठला की हवा सरकते आणि दुसरा हिंदकळतो. दोन स्वतंत्र मॅट घेऊन त्या कडेच्या पट्ट्यांनी बांधून घेणे जास्त सोयीचे पडते. स्लीपिंग बॅग घेताना मात्र एक डाव्या चेनची आणि दुसरी उजव्या चेनची, एकाच मापाची घ्यावी. त्या एकमेकींना जोडून मोठे पांघरूण करता येते, आणि पाळ्या वेगळ्या असलेल्या दिवशी पुन्हा सुट्या करता येतात. नवविवाहित जोडप्याला याचे महत्त्व निराळे सांगायला नको.

उंचीचा मुद्दा लहान वाटतो, पण तसा नाही. आमच्या तंबूचा मध्यभाग साधारण १०५ सेंटिमीटर उंच होता आणि दोघांना समोरासमोर पाठ ताठ ठेवून बसता येत होते. दिवसभर उभ्याने काम केल्यावर बसून केस विंचरता येणे आणि वाकून-लोळून कपडे बदलावे न लागणे याला मोल आहे. मध्यभागाच्या उंचीइतकाच भिंतींचा चढ महत्त्वाचा असतो. पोल एकमेकांना छेदून जाणाऱ्या रचनेत भिंती बऱ्याच उभ्या राहतात आणि खुंट्या न ठोकताही तंबू उभा राहतो. अमेरिकी वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटांच्या कल्पनेवर आधारलेला ‘ओव्हल इन्टेन्शन’ हा तंबू ‘द नॉर्थ फेस’ या कंपनीने १९७५ साली बाजारात आणला, तेव्हापासून या रचनेचे मोल सर्वांना पटलेले आहे. खडकाळ जमिनीत खुंटी जिथे हवी तिथे जातेच असे नाही, आणि तळाच्या व्यवस्थापकाने जागा बदलायला सांगितल्यावर उभाच्या उभा तंबू दोघांनी उचलून हलवण्याची सोय ही फार मोठी सोय आहे.

कापडाकडे आता वळते. १९३५ साली रसायनशास्त्रज्ञ वॉलेस कॅरोथर्स यांनी ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार केलेल्या नायलॉनने तंबू हलके केले खरे, पण नायलॉन पाणी शोषते आणि भिजले की सैल पडते. संध्याकाळी ताणून बांधलेला तंबू मध्यरात्रीच्या पावसात ढिला होतो, वरचे कापड आतल्या कापडाला चिकटते आणि तिथून ओल येते. पॉलिएस्टर त्या मानाने कमी सैलावते आणि ऊनही जास्त सोसते. ऊन हा विषय दोन रात्रींच्या भटक्याला जाणवत नाही. हंगामभर एकाच जागी उभ्या राहणाऱ्या तंबूचा मात्र तो पहिला शत्रू आहे. समुद्रसपाटीपासून दर १००० मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते, त्यामुळे डोंगरातला उन्हाळा कापडाला अधिकच कष्टाचा जातो. आमच्या तंबूचे वरचे कापड पॉलिएस्टरचे होते. हंगाम संपेपर्यंत त्याचा रंग चांगलाच विटला, पण ते कुठे फाटले नाही. जो तंबू रोज उभाच राहणार आहे, त्यासाठी थोडे वजन वाढले तरी पॉलिएस्टरच निवडावे.

पाणी रोखण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये छापलेली असते. कापडावर किती उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केल्यावर ते पाझरू लागते, त्याचा तो आकडा असतो. आमच्या तंबूवर वरच्या कापडासाठी १५०० आणि जमिनीसाठी ३००० असे आकडे होते आणि पावसाच्या बाबतीत तक्रारीला जागा राहिली नाही. सकाळी आतल्या भिंतीवर दिसणारे थेंब पुष्कळदा पावसाचे नसतातच. दोघांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर निवून ते साचतात. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे थंडी वाजली तरी दोन्ही दारांच्या वरचा हातभर भाग उघडा ठेवणे. समोरासमोर दारे असल्याने हवा आरपार जाते आणि थेंब पुष्कळ कमी होतात.

तंबूचा सर्वांत ठळक दोष चेनमध्ये निघाला. दोन दारे आणि प्रत्येकाला आतली-बाहेरची अशा एकूण चार लांब चेन असल्याने वापर मोठा होता, आणि तळावरची बारीक धूळ त्यांत सतत जात होती. हंगामाच्या मध्यावर नवऱ्याच्या बाजूच्या दाराची चेन बंद केल्यावर मागून उघडू लागली. अशा वेळी बहुधा दाते झिजलेले नसतात, रनर झिजलेला असतो. धुळीने घासला जाऊन त्याचे दोन ओठ किंचित फाकतात आणि दात्यांवरची पकड जाते. नवऱ्याने स्वयंपाकघरातल्या दुरुस्तीच्या डब्यातून छोटी पक्कड आणली, रनरची एक बाजू हलकेच दाबली, मग दुसरी, आणि दर वेळी चेन ओढून पाहिली. जोरात दाबल्यास रनर तडकतो, म्हणून हे काम अगदी सावकाश करावे लागते. तेवढ्याने चेन पुन्हा धरू लागली. त्यानंतर मी जुन्या टूथब्रशने चारही चेन नियमाने झाडत असे. तंबूच्या किमतीच्या मानाने कंपनीने अधिक जाड दात्यांची चेन द्यायला हवी होती, ही माझी तक्रार मात्र कायम आहे.

दुसरा दोष उजेडाचा आणि उष्णतेचा. फिकट रंगाचे कापड सूर्य उगवताच आतून पांढरेफेक होते आणि थोड्याच वेळात आत बसवत नाही. पहाटे उठणाऱ्याला याचे काही नसते, पण रात्री उशिरा झोपणाऱ्याची सकाळची झोप त्यात हमखास बुडते. जागा निवडायची मुभा असेल, तर पूर्वेला झाड किंवा उंचवटा असलेली जागा मागून घ्यावी, आणि नसेल तर त्या बाजूला थोडे अंतर सोडून एक साधी ताडपत्री ताणावी. डोळ्यांवरची पट्टी उजेडापुरती कामाची आहे, उकाड्यापुढे तिचा इलाज चालत नाही.

कापडाच्या घरात खासगीपणा किती मिळतो, याविषयी कुणी स्पष्ट लिहीत नाही, म्हणून लिहिते. बोलणे शेजारच्या तंबूत ऐकू जाते, कुजबूजसुद्धा. आत दिवा टांगला की सावल्या बाहेरून दिसतात. कपडे बदलताना दिवा विझवावा, हे पहिल्याच दिवशी समजून घ्यावे. पैशांचे, घरच्यांचे, मनाला लागलेल्या गोष्टींचे बोलणे आम्ही फिरायला जाऊन करत असू. हा या तंबूचा दोष म्हणता येणार नाही, कुठल्याही तंबूत हेच होणार. पण ज्यांना सासर-माहेरच्या गजबजाटातून सुटून एकांत मिळेल अशा आशेने असे काम घ्यायचे आहे, त्यांनी हे आधीच जाणून असावे.

पडवीत शेगडी पेटवण्याचा मोह थंड, पावसाळी संध्याकाळी फार होतो. तो टाळलाच पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि बंद तंबूत त्याने झोपेतच माणसे दगावतात. ऊब घेण्यासाठी निखाऱ्यांची शेगडी आत घेणे हे त्याहून घातक आहे. या एका बाबतीत नवरा-बायकोत मतभेद झाला, तर नाही म्हणणाऱ्याचे ऐकावे.

तंबूखाली अंथरायचे जादा कापड कंपनीने सोबत दिले होते आणि ते तंबूच्या जमिनीपेक्षा चारही बाजूंनी किंचित लहान होते, हे बरोबर आहे. काही जण मोठी ताडपत्री अंथरतात. तिच्या बाहेर आलेल्या कडेवर पाऊस पडतो आणि ते पाणी थेट तंबूखाली साचते. हंगाम संपल्यावर तंबू ओलसर गुंडाळून पिशवीत कोंबला, तर पाणी रोखणारा आतला पॉलियुरेथेनचा लेप कालांतराने चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि मग तो दुरुस्त होत नाही. परतीच्या घाईत असाल तरी घरी पोहोचल्यावर दोरीवर टाकून पूर्ण वाळवावा आणि घट्ट पिशवीऐवजी सैल कापडी पिशवीत ठेवावा.

पाठीवर तंबू घेऊन रोज मुक्काम हलवणाऱ्यांना मी हा तंबू सुचवणार नाही. त्यांच्यासाठी याचे जवळजवळ ३ किलो वजन जास्त आहे आणि याहून हलके चांगले तंबू मिळतात. एकाच जागी राहून हंगामभर काम करणाऱ्या जोडप्याला मात्र याच बांधणीचा, दोन्ही बाजूंना दारे असलेला, पॉलिएस्टरचा तंबू घ्यावा असे मी ठामपणे सांगेन, फक्त दोन माणसांच्या मापाऐवजी तीन माणसांच्या मापाचा घ्यावा. तो वाहून न्यायचा नसल्याने वाढलेले वजन अंगावर येत नाही, आणि दोन रुंद मॅटच्या मध्ये हातभर जागा उरते, जिथे दोघांच्या कपड्यांच्या पिशव्या मावतात.