स्लीव्हनंतरचं समुपदेशन: मॅडम उत्तम, मुदत चुकीची

परवा ऑपरेशनच्या पॅकेजवाल्यांचा मेसेज आला की तुमच्या समुपदेशन सत्रांची मुदत संपली. सत्रं शिल्लक आहेत, पैसे ऑपरेशनआधीच भरलेत, तरी संपली! म्हणून हे लिहितेय.

ऑपरेशन पुण्यात झालं, मी सोलापुरात, त्यामुळे नंतरचं बोलणं व्हिडिओ कॉलवर. स्लीव्ह म्हणजे वजन उतरवायला पोटाचा (जठराचा) मोठा भाग काढून टाकायचं ऑपरेशन, बाकीचं इथं बऱ्याच जणांना ठाऊक आहे, ते सोडते.

ऑपरेशनआधी मानसतज्ज्ञांची भेट सक्तीची होती. मॅडमनी वजनापेक्षा बाकीचंच जास्त विचारलं. रात्री उठून खाता का, भांडण झालं की खाता का, आधी कधी उदासीवर गोळ्या घेतल्या होत्या का. यांनाही शेजारी बसवलं आणि दारूचं स्पष्ट सांगितलं: ऑपरेशननंतर ती लवकर चढते, आणि काहींचं खाणं सुटून पिणं लागतं. आमच्याकडे तो प्रश्न नाही, पण विचारलं हे आवडलं.

पहिले काही महिने मला कुणाची गरजच वाटली नाही. पोटाचा जो भाग काढतात तिथंच घ्रेलिन हे भूक लावणारं संप्रेरक जास्त तयार होतं, त्यामुळे भूक जवळपास गायब. काटा दर आठवड्याला खाली. पैसे मोजलेली सत्रं उगाच कशाला संपवायची, म्हणून राखून ठेवली. मग केस गळायला लागले. नवी पेठेत ओळखीच्या बायका हळूच विचारायच्या, "बरं नाही का गं?" पुढं काटा अडला, भूक थोडी परतली आणि संध्याकाळी चिवड्याचा डबा हातात यायला लागला. एका वेळी ताटभर जात नाही, पण चिमूट चिमूट करत दिवसभर बरंच जातं. खरी गरज तेव्हा लागली.

मॅडमनी एकच काम दिलं: डबा उघडायच्या आधी काय घडलं ते वहीत एका ओळीत लिहायचं. बहुतेक ओळी घरातल्या बोलण्याच्या निघाल्या, भुकेच्या फार थोड्या. हुरड्याच्या आधी तर त्यांनी माझ्याकडून वाक्य पाठ करून घेतलं. शेतावर जाऊबाई शेंगाचटणी, दही, गूळ पुढं करत "एवढंच? घे की अजून!" म्हणणार हे ठरलेलं. मी म्हणाले, "माझं झालं, आता मी तुम्हाला भाजून देते." कुणी रुसलं नाही. मला पाच तारे द्यावेसे वाटले ते तिथं.

आता मुदत. ऑपरेशनच्या तारखेपासून सहा महिने. बी-12 जन्मभर घ्या म्हणतात, रक्त दरवर्षी तपासा म्हणतात, आणि मनाला सहा महिने? वजन वर्ष-दीड वर्ष उतरतं, परत चढायची भीती त्यानंतरची. ज्या काळात माणूस खुशीत असतो नेमकी तेवढीच सत्रं चालतात. ही मुदत डॉक्टरांनी ठरवलेली नाही, हिशेबाच्या टेबलावर ठरलीय.

विम्याचंही विचारलं. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असं आहे. पण माझ्या पॉलिसीत दाखल न होता घेतलेले उपचारच बसत नाहीत, म्हणजे प्रत्येक सत्र खिशातून. मधल्या काळात एका रात्री फार रडू आलं तेव्हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन लावला. चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जवळ नंबर ठेवाच.

ताजी भर: वरचं लिहून झाल्यावर तक्रारीला उत्तर आलं. माझी सत्रं वाढवून दिली. बाकीच्या पेशंटचं काय, विचारलं, तर म्हणाले, "त्यांनी मागितलं तर बघू." म्हणून मॅडमना पाच तारे, पॅकेजला दोनच. ऑपरेशन ठरवत असाल तर सत्रांची मुदत पहिल्या वापरापासून धरणार का, आणि प्रत्येक वेळी तेच समुपदेशक मिळणार का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. सगळ्यांसाठी नियम बदला असा मेल मी केलाय. उत्तर आलं की इथंच टाकते.