उन्हाळाभर वापरलेलं थंड ह्युमिडॉर कपाट: भुंगेऱ्यांपासून सिगारी वाचतात का?

वाचतात, पण ते श्रेय एकट्या कपाटाचं नाही. ह्युमिडॉर म्हणजे सिगारी ठरावीक आर्द्रतेत साठवायची पेटी किंवा कपाट. माझा सगळा साठा साध्या लाकडी पेटीतून कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या थंड कपाटात हलवला, त्याला हिवाळा आणि पूर्ण उन्हाळा उलटला. आता खात्रीनं लिहिता येईल.

आधी शत्रूबद्दल. तंबाखूचा भुंगेरा, म्हणजे लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने, जेमतेम 2 ते 3 मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी. खरी नासधूस करते ती त्याची अळी. प्रौढ भुंगेरा फारसं खात नाही, फक्त बाहेर पडताना रॅपरला, म्हणजे सिगारीवरच्या सर्वांत बाहेरच्या पानाला, टाचणीएवढं गोल भोक पाडतो, आणि वाटेत सेलोफेन आलं तर तेही पोखरतो. अंडी इतकी बारीक असतात की सिगार कितीही निरखली तरी दिसत नाहीत. ती बहुतेकदा पानाबरोबर गोदामातूनच आलेली असतात, म्हणून पेटी किती घट्ट बंद होते याला फारसा अर्थ उरत नाही. सीडरच्या सुगंधी लाकडाच्या पेटीतही भुंगेरे होतात. 30 अंशांच्या आसपास अंड्यापासून भुंगेरा व्हायला महिना-दीड महिना पुरतो. 20 अंशांच्या खाली हीच वाढ फार मंदावते. सगळा खेळ या फरकावर आहे.

मी कपाट 18 अंशांवर ठेवलंय. उन्हाळ्यात खोली भट्टीसारखी तापली तरी आतला आकडा 17 ते 19 च्या बाहेर गेला नाही. घेताना कॉम्प्रेसरचंच घ्या, असं मी आग्रहानं सांगेन. पेल्टियरवर, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी विजेच्या पट्टीनं थंड करण्याच्या तंत्रावर, चालणारी कपाटं शांत असतात, दिसतातही सुरेख, पण ती खोलीच्या तापमानापेक्षा काही ठरावीक अंशच खाली जाऊ शकतात. खोलीच 36 वर गेली तर आत 24-25 राहणार, आणि नेमकं ज्या दिवसांत रक्षण हवं त्याच दिवसांत कपाट हात टेकणार. कॉम्प्रेसरचा घरघर आवाज मात्र येतो. झोपायच्या खोलीत नको.

आता कपाट काय करत नाही ते. 18 अंशांना अंडी मरत नाहीत, नुसती थांबून राहतात. वीज बराच वेळ गेली किंवा सिगारी प्रवासाला काढल्या की ती पुन्हा कामाला लागू शकतात. म्हणून नवीन आलेली प्रत्येक सिगार आधी फ्रीझरमध्ये जाते. हवा काढून दोन झिप पिशव्यांत बंद, एक दिवस साध्या फ्रिजमध्ये, मग उणे 18 किंवा त्याहून खाली किमान तीन दिवस, परत एक दिवस फ्रिजमध्ये, आणि मगच बाहेर. पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर थंड पानावर दव धरतं. फ्रिजचा टप्पा कंटाळा करून गाळू नका. एकदम गोठवलं किंवा एकदम तापवलं तर रॅपर तडकतो. चवीत मला तरी फरक जाणवलेला नाही, आणि क्युबातल्या निर्यातीच्या सिगारीही बाहेर पडण्यापूर्वी गोठवल्या जातात.

सर्वाधिक लक्ष आर्द्रतेनं मागितलं. कॉम्प्रेसर चालू झाला की थंड पट्टीवर बाष्प जमतं आणि आतली हवा कोरडी पडते. तो थांबला की आकडा पुन्हा चढतो. सुरुवातीला काटा 58 ते 72 टक्के असा हेलकावत होता. आर्द्रता राखणारी पाकिटं वाढवली, रिकामे कप्पे सीडरच्या फळ्यांनी भरले, आतला छोटा पंखा सतत चालू ठेवला, तेव्हा तो 65 च्या आसपास स्थिरावला. मापकावर डोळे मिटून विसंबू नका. मीठ किंचित ओलं करून मापकासोबत डब्यात बंद करा. काही तासांनी आकडा 75 दाखवायला हवा. कपाटाच्या स्वतःच्या पडद्यावरचं तापमानही पडताळा, कारण सेन्सर एका कोपऱ्यात असतो आणि वरचा कप्पा खालच्यापेक्षा उबदार राहतो. माझ्याकडे वर-खाली दोन वेगळे तापमापक आहेत, आणि जुना साठा कायम खालच्या कप्प्यात.

तळाशी एक फेरोमोनचा, म्हणजे मादीच्या गंधाचा, चिकट सापळाही ठेवलाय. त्यात नर अडकतात. त्यानं भुंगेरे संपत नाहीत, पण प्रादुर्भाव झालाच तर लवकर कळतं. आजवर तो रिकामा आहे. अळीनं पोखरल्यावर पडणारी तपकिरी भुकटीही कप्प्यात सापडलेली नाही.

ज्यांची खोली वर्षभर 20 अंशांखालीच राहते, त्यांनी हा खर्च करू नये. फ्रीझर आणि चांगली पेटी पुरेशी आहे. ज्यांच्याकडे उन्हाळा खरा उन्हाळा असतो आणि साठा वर्षानुवर्षं मुरवायचा आहे, त्यांनी मात्र जरूर घ्यावं, आणि लागेल वाटतं त्याहून एक आकार मोठं घ्यावं. गच्च भरलेल्या कपाटात हवा खेळत नाही.