खोडात शिरणाऱ्या भुंगेऱ्यांचा इथेनॉल सापळा : दोन हंगाम वापरल्यावर

अंजिराची बारा झाडं होती, आता अकरा आहेत. बाराव्याच्या पानांनी आठवड्याभरात माना टाकल्या. गळलीसुद्धा नाहीत, फांदीवरच वाळली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी पाणी सोडलं. मग एका सकाळी बुंध्यावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली आणि प्रत्येक भोकातून पांढरट भुशाची बारीक काडी बाहेर आलेली. बोट लागलं की काडी मोडून पीठ व्हायची. फांदी कापली तर आतलं लाकूड एका बाजूनं काळपट पडलेलं. झाड गेलं, आणि मी हा सापळा मागवला.

वस्तू साधी आहे. तीन खिडक्या असलेली उभी प्लॅस्टिकची बाटली, वर टोपी, मध्ये इथेनॉलची पुडी, खाली साबणाच्या पाण्याचं भांडं. जोडायला पाच मिनिटं पुरतात.

पण घेणाऱ्यानं एक गोष्ट मनात पक्की धरावी : यानं झाड वाचत नाही. भुंगेरे कधी उडायला लागले, एवढंच कळतं. मला तेच हवं होतं. हे भुंगेरे लाकूड खात नाहीत. मादी अंगातल्या छोट्याशा पिशवीत बुरशी घेऊन येते, खोडात बोगदा कोरते, त्याच्या भिंतीवर ती बुरशी वाढवते. स्वतः तीच खाते, अळ्यांनाही तीच. पुष्कळदा ही बुरशी झाडाला फारसा त्रास देत नाही. पण तिच्यासोबत मर आणणारी बुरशी आत गेली, तर ती पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत पसरते, नळ्या बुजतात आणि मुळाशी ओल असूनही झाड तहानेनं वाळतं. भुंगेरा एकदा आत गेला की बाहेरून मारलेली फवारणी त्याच्यापर्यंत फारशी पोचत नाही. जे करायचं ते तो आत शिरायच्या आधी.

आता तक्रार, आणि ती लहान नाही. सोबतच्या कागदावर 'झाडाला टांगा' एवढंच लिहिलंय. पहिल्या वर्षी मी बुंध्यापासून हातभर अंतरावर टांगला. तीन आठवड्यांत भांड्यात चौदा भुंगेरे पडले, आणि त्याच झाडाच्या खोडावर सहा नवी भोकं. मुळाशी पाणी साचून हवा मिळेनाशी झाली की झाडात इथेनॉल तयार होतं आणि सालीतून त्याचा वास सुटतो. मादी त्या वासावरच कमजोर झाड हेरते. पुडीत तोच वास भरलेला. म्हणजे धडधाकट झाडाशेजारी मीच आमंत्रण टांगलं होतं. विकणाऱ्यांना हे कळवलं, उत्तर आलं नाही. कागदावर दोन ओळी जास्त छापल्या असत्या तर ती सहा भोकं पडली नसती.

दुसऱ्या वर्षी सापळा बागेच्या कडेला, झाडांपासून दूर, काठीला गुडघ्याच्या जरा वर बांधला. दर रविवारी भांडं पांढऱ्या बशीत गाळते आणि दहापट भिंगातून बघते. दोन-अडीच मिलिमीटरचा, तांबूस, वरून पाहिलं तर डोकं दिसतच नाही, पाठीच्या ढालीखाली दडलेलं. या जातींचे नर उडत नाहीत, म्हणून बशीत येतात त्या सगळ्या माद्याच. पहिली मादी दिसली त्याच दिवशी सगळी खोडं बोटांनी चाचपली. सखल कोपऱ्यातल्या झाडाच्या एका फांदीवर चार भोकं सापडली. फांदी कापून जाळली, प्रत्येक कापानंतर करवत स्पिरिटनं पुसली आणि त्या कोपऱ्यातलं पाणी काढायला चर खणला. बारावं झाड याच कोपऱ्यात होतं. मी त्याला पाणी देत राहिले आणि त्याचा वास वाढवत राहिले, हे मला या सापळ्यामुळे समजलं.

भांडं रिकामं म्हणजे बाग सुरक्षित, असं मात्र धरू नका. अमेरिकेत रेडबे आणि अॅव्होकाडोच्या झाडांना मर लावणारा भुंगेरा 2002 मध्ये जॉर्जिया राज्यात पहिल्यांदा सापडला. तो इथेनॉलकडे जवळपास येतच नाही, त्याला झाडाच्या लाकडाचाच वास ओढतो. तुमच्या झाडावर कोणता भुंगेरा येतो ते आधी शोधा, मग त्याचं आमिष घ्या.

बाकी किरकोळ. टोपी अरुंद आहे, जोराच्या पावसात भांडं भरून वाहतं आणि भुंगेरेही वाहून जातात. मी काठाखाली भोक पाडून आतून बारीक जाळी चिकटवली. पुडी उन्हात लवकर सुकते, कागदावरच्या मुदतीवर विसंबू नये, हातात घेऊन बघावी.

पाचपैकी तीन तारे. दोन त्या कागदासाठी कापले. यंदा दुसरा सापळाही घेतलाय, तो चराच्या पलीकडच्या कडेला बांधणार आहे.