ऊस की मालदांडी ज्वारी?

उसाला वर्षभर पाणी हवं. उजनी धरणातून कालव्याला पाणी सोडायचं आवर्तन लांबलं की बोअर उपसायचा, तोही आटला की टँकर. तोडणीनंतर उरलेलं पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटवलं तर जमिनीचा कसही जातो. कारखान्याचं बिल हमखास येतं, म्हणून शेतकरी ऊस सोडत नाही, हे खरंच आहे.

मंगळवेढ्याची मालदांडी मात्र परतीच्या पावसाच्या ओलीवर येते. भारी काळी जमीन ओल धरून ठेवते, मुळं खोल उतरतात आणि सुमारे चार महिन्यांत टपोऱ्या, मोत्यासारख्या दाण्यांनी भरलेलं कणीस हातात येतं. शिवाय हुरडा, गुरांना कडबा. या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. काढणीला मजूर मिळत नाहीत, ही मोठी अडचण. तरी आपल्या सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात माझं मत ज्वारीलाच. ऊस लावायचाच तर ठिबकवर आणि पाचट न जाळता.