मुक्काम सेव्हियात की ग्रानादात?

दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियासाठी चारच दिवस असतील तर बॅगा ओढत फिरण्यापेक्षा एकच मुक्काम धरा.

सोय बघाल तर सेव्हिया. शहर सपाट, त्यामुळे आई-बाबांनाही चालवतं. सांता हुस्ता स्टेशनवरून हायस्पीड रेल्वेने कोर्दोबा पाऊण तासात. कादिसही दिवसात होतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये पारा सर्रास चाळिशी ओलांडतो, दुपारी खोलीत पडून राहणं भाग.

ग्रानादा सुमारे ७०० मीटर उंचीवर, म्हणून उन्हाळ्यातही रात्री सुसह्य. अल्बायसिन या जुन्या वस्तीतले दगडगोट्यांचे चढ मात्र गुडघ्यांची परीक्षा घेतात (मिनीबस आहेत, लाजू नका). खरी गोम आलांब्राची, म्हणजे इथल्या जुन्या किल्ले-राजवाड्याची. त्यातल्या नासरी महालांची वेळ तिकिटावर ठरलेली असते. हुकली की आत सोडत नाहीत. पासपोर्टही जवळ हवा. आधी हे तिकीट, मग हॉटेल.

खाण्याच्या बाबतीत ग्रानादा दिलदार: पेय मागवलं की सोबत तापा (खाण्याची छोटी ताटली) फुकट. सेव्हियात बहुधा पैसे मोजावे लागतात. फुकटच्या ताटलीत काय येईल ते बारवाला ठरवतो, तेव्हा शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘मांस नको’ म्हणून थांबू नये. हॅम आणि ट्यूनाही नको, हे वेगळं सांगावं.

उन्हाळ्यात माझं मत ग्रानादाला, मार्चमध्ये सेव्हियाला. फक्त ईस्टरचा आठवडा टाळा, हॉटेलांचे दर ऐकून डोळे पांढरे होतात.